तारीख आधी, फॉरमॅट नंतर

एक्सेल कसं उघडायचं हे मी तुम्हाला सांगायला नको. पतपेढीत, शाळेच्या कार्यालयात, सोसायटीच्या हिशेबात तुम्ही ते रोज वापरता. माझं गाऱ्हाणं एकच, तारखांचं.

वहीतल्या सवयीनं आपण ५.६.२०२४ असं टिंब देऊन लिहितो आणि एक्सेलमध्येही तेच ठोकतो. आपल्याकडच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सेलला ती तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. मग मुदत ठेवी तारखेप्रमाणे लावायला गेलं की १०.१.२०२५ ची ठेव ५.६.२०२४ च्या ठेवीआधी येऊन बसते. यावर मंडळींचा उपाय काय, तर फॉरमॅटमध्ये जाऊन 'डेट' निवडायचं! अहो, मिठाच्या डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी डकवून चहा गोड होतो का? फॉरमॅट ही नुसती चिठ्ठी. डब्यात काय भरलंय ते आधी बघा.

खऱ्या तारखेच्या डब्यात एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून मोजणी. १ मे १९६० म्हणजे २२०३७. वर '०१-०५-१९६०' लावा नाहीतर '१ मे', आतला जिन्नस तोच. म्हणूनच एका तारखेतून दुसरी वजा करता येते. लोकमान्यांची २३ जुलै १८५६ ही जन्मतारीख मात्र या मोजणीत बसत नाही.

याहून वाईट म्हणजे संगणकाचं सेटिंग अमेरिकन असणं. तिथे ०५/०६ म्हणजे ६ मे, मुकाट्यानं. १३/०६ मात्र अक्षरं, कारण तेरावा महिना नाही. एकाच डब्यात अर्धं मीठ, अर्धी साखर, वरून दोन्ही पांढरी!

आणि साल चार आकडी लिहा हो. १९२८ साठी नुसतं '२८' लिहिलंत तर ते २०२८ होतं, आजोबा अजून जन्मायचेच असतात.

वेळ संपत आली, तरी पुन्हा सांगतो, चिठ्ठी बदलून मीठ गोड होत नाही. उद्या तारखांचा कॉलम जरा रुंद करून पाहा. तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल, तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे जाते, अक्षरं डावीकडे राहतात. डावीकडच्या तेवढ्या पुन्हा टाइप करा, तिरकी रेघ किंवा आडवी रेघ देऊन. टिंब नको.