वय झालं म्हणून सोडून देऊ नका

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल. हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज कानावरूनच सुरुवात करणार आहोत.

आमच्या बचत गटात एक काकू आहेत. कितीतरी वर्षं हिशेबाची वही त्यांच्याकडे. कुणाचा हप्ता राहिला, हे वही न उघडता सांगायच्या. मागच्या वर्षी मात्र घोटाळे व्हायला लागले. साठ सांगितले की सात लिहायच्या. विचारलं एक की उत्तर भलतंच. मग बैठकीला येणंच कमी केलं. आम्ही म्हणालो, "वय झालं त्यांचं, आता विसरायला लागल्या." वही दुसरीकडे द्यायचंही ठरत आलं होतं. एक दिवस आशाताईंनी त्यांना मागून दोनदा हाक मारली. काकूंनी वळून पाहिलं नाही. दवाखान्यात तपासलं तेव्हा कळलं, काकूंना ऐकूच कमी येत होतं. कानाला यंत्र लागलं, त्याची सवय व्हायला थोडे दिवस गेले, आणि वही त्यांच्याकडेच राहिली. लाज आम्हाला वाटली. न तपासताच आम्ही निकाल लावून मोकळ्या झालो होतो.

कानाचा आणि मेंदूचा संबंध मोठा आहे. ऐकू येईना की माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो, मेंदूला काम उरत नाही. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे ही गोष्ट आपल्याच दारातली आहे.

पण दिलासाही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी 14 कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली, तर शंभरातल्या 45 जणांचा आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल. ही कारणं वाचली आणि वाटलं, यातली किती तरी आपल्या घरातच आहेत.

पहिलं म्हणजे बीपी आणि साखर. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण शरीराच्या एकूण ताकदीतला 20 टक्के वाटा तो एकटा खातो. ती त्याला रक्तातून पोचते. वाढलेला बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. आकडा पुन्हा पुन्हा 140 आणि 90 च्या वर येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. तिशी उलटलेल्यांची बीपी-साखरेची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. गोळी सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. मीठ दिवसाला माणशी एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

दुसरी मिश्री. "आम्ही तंबाखू खात नाही, फक्त दात घासतो," असं आपण म्हणतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन बीपी वाढवतं. चार वेळा लावत असाल तर आधी तीन करा, पण सोडायच्या वाटेला लागा. चुलीचा धूरही वाईटच. निदान स्वयंपाक करताना दार-खिडकी उघडी ठेवा.

तिसरी गोष्ट डोक्याची. मोटरसायकलवर मागे बसताना आपल्यालाही हेल्मेट हवं. पदर खोचून बसा, चाकात अडकून किती जणी पडल्या आहेत!

आणि चालणं. शेतात राबणारीला वेगळा व्यायाम सांगायला नको. पण शिलाई मशीनवर किंवा दुकानात बसणारीनं रोज अर्धा तास भरभर चालावं. झोपही पुरी हवी. सगळ्यांत शेवटी निजायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं, याचं कौतुक आता पुरे.

शाळा लवकर सुटली, तो आपला दोष नव्हता. पण शिकणं आजही चालू ठेवता येतं. बँकेची स्लिप स्वतः भरा, हिशेब आलटून पालटून लिहा, भजनाला जा.

हे सगळं करूनही आजार होणारच नाही, असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून ओळखायला शिका. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं सगळ्यांचंच होतं. रोजची वाट चुकणं, नेहमीची भाजी कशी करायची तेच न सुचणं, हे वेगळं. तेव्हा हसू नका, रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-12 ची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं, आणि त्यांवर उपचार आहेत.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एकच करा. गेल्या सहा महिन्यांत बीपी कुणी तपासला, ते विचारा. आणि जी बैठकीला यायची थांबली आहे, तिच्या घरी दोघीजणी जाऊन या.