गोणीला पाठ चालते, गल्ल्याला हात नाही

आष्टीत हार्डवेअरच्या दुकानात मी कामाला आहे. फायदा आधी सांगतो. कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागत नाही, पोरांची शाळा बुडत नाही. पाइपाची इंची, वायरचं गेज, रंगाचा हिशेब शिकता येतो.

आता तोटा. सिमेंटची गोणी ५० किलोची. तिला आमची पाठ चालते, गल्ल्याला आमचा हात चालत नाही! बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ ला कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. २०१७ च्या दुकान कायद्यानं मात्र दहाहून कमी कामगारांच्या दुकानांना आठवड्याच्या सुट्टीची सक्तीच ठेवली नाही. आम्ही तर चौघंच! म्हणजे सुट्टी मालकाच्या मर्जीवर.

एकेकट्यानं मागाल तर हाकलतील. गावातल्या सगळ्या दुकानांतल्या नोकरांनो, मिळून मागा!

जय भीम!