नाव विचारण्याची रीत

'रुग्णालयातील कर्मचारी आणि रुग्णांची सुरक्षितता' या विषयावर बोला, असं आकाशवाणीकडून कळवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो. कविता लिहिणारा माणूस मी, शिक्षण साधं बी. ए. औषधोपचारातलं मला काय कळणार? पण या विषयातला एक प्रसंग माझ्या गाठीशी आहे आणि त्यातला थोडा दोष माझाही आहे. म्हणून आलो.

2016 सालच्या पावसाळ्यात माझी अम्मा अंगणात घसरून पडली. वय 78. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. स्त्रियांच्या वॉर्डात तिची खाट नेमकी पंख्याखाली. तिला थंडी वाजू लागली तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी दाराजवळच्या बाईंशी तिची खाट बदलून दिली. मावशींचा हेतू चांगलाच होता. पण त्या दुसऱ्या बाईंचं नावही फातिमाबी शेख होतं, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी ड्यूटी बदलायच्या घाईत एक सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन आल्या. "फातिमाबी शेख ना?" त्यांनी विचारलं. अम्माला कमी ऐकू येतं. समोरचा माणूस काही बोलला की ती "हां बेटा" म्हणते. तसं म्हणाली. आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "हो, ह्याच." शस्त्रक्रियेनंतर रक्त चढवतात एवढं ऐकून होतो. पुढं काही विचारावं असं मला सुचलं नाही.

रक्त सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या खाटेपाशी दोघांनी मिळून पडताळणी करायची, असा नियम असतो. म्हणून दुसऱ्या सिस्टर आल्या. वयानं लहान, नोकरीत नव्या. त्यांनी अम्माच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." अम्मा म्हणाली, "फातिमा," आणि थांबली. मधलं नाव काही सांगेना. तिच्या पिढीतल्या बायका, मग त्या मोहल्ल्यातल्या असोत की वाड्यातल्या, नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वाड्यातल्या बायकांना निदान उखाण्याची पळवाट होती, अम्माला तीही नव्हती. सिस्टरांनी तिचं मनगट पाहिलं. नावाचा पट्टा तिथं नव्हता. सलाईनची सुई लावताना कुणीतरी तो कापून उशाखाली ठेवला होता. मग त्यांनी मला विचारलं, "ह्यांच्या मिस्टरांचं नाव?" मी सांगितलं. पिशवीसोबतच्या कागदावर दुसरंच नाव होतं. नोंदणी क्रमांकही वेगळा. पिशवी ए गटाची, अम्माचा गट बी.

न जुळणारं रक्त थोडंसं जरी अंगात गेलं, तरी काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं, हे मला नंतर कळलं. पिशवी स्टँडला टांगून झाली होती. फक्त नळी जोडायची राहिली होती.

शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. तरी 'ना' या एवढ्याशा अक्षराचा धोका मला त्या दिवशी समजला. 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नाच्या पोटातच 'हो' असतं. म्हातारं, घाबरलेलं किंवा गुंगीतलं माणूस त्याला होच म्हणणार. नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि त्याला नोंदणी क्रमांकासारख्या दुसऱ्या एका खुणेची जोड द्यायची. खाटेचा नंबर ही ओळख नव्हेच, कारण खाटा बदलतात. आणि आपल्याकडे एका वॉर्डात दोन शेख, दोन पाटील, दोन जाधव असणं यात नवल ते काय!

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी तयार केली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबायचं आणि ठरलेल्या गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 साली निष्कर्ष छापून आले, ते असे की मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. त्या यादीतलं एक कलम मला फार आवडलं. चिरा घेण्याआधी तिथल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याचं नाव ठाऊक आहे, त्याला "अहो, थांबा" म्हणणं सोपं जातं, असा त्यामागचा हिशोब.

हात धुणं, पलंगाचे कठडे वर करणं, ओली फरशी लगेच पुसणं, फोनवर सांगितलेलं औषध लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवणं, या गोष्टीही तितक्याच मोलाच्या. त्यातल्या निम्म्या मावशींच्या आणि वॉर्डबॉय मामांच्या हातात असतात. त्यांना कुणी प्रशिक्षणाला बोलावतं का, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. बहुतेकांनी विषय बदलला.

त्या संध्याकाळी पहिल्या सिस्टर रडू लागल्या. मला वाटलं, आता यांची नोकरी जाणार. पण मुख्य सिस्टरांनी आधी दोन्ही खाटांवर लाल शाईत पूर्ण नावं लावली, कापलेला पट्टा अम्माच्या दुसऱ्या हाताला नवा करून बांधला आणि मग घडलं ते सगळं रजिस्टरमध्ये लिहिलं. पट्टा कापल्याचं आणि खाट बदलल्याचंसुद्धा. रागावल्या त्या मला. "तुम्ही शिकलेले ना? न बघता हो कसं म्हणालात?" मी मान खाली घातली.

अम्मा आणखी नऊ दिवस तिथं होती. काय घडलं ते तिला मीच कानात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन घेऊन सिस्टर खाटेजवळ आल्या. त्यांनी विचारण्याआधीच अम्मानं आपलं नाव सांगितलं, आणि पुढं अब्बांचं. पदर तोंडावर ओढून, पण स्पष्ट. तिच्या तोंडून अब्बांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.