तंबूला जाताना एक पिशवी



गेल्या डिसेंबरात आम्ही घरची सगळी भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेलो. चार्जर पाच नेले, खेळ एकही नाही! संध्याकाळी रेंज गेली आणि नातू रुसून कोपऱ्यात बसला. तेव्हा आमच्या हिने पाच गुळगुळीत खडे वेचले आणि सागरगोट्यांसारखे झेलायला सुरुवात केली. थोड्याच वेळात नातू शेजारी! वर्षभरात माझ्याशी बोलला नसेल तेवढा तो त्या दोन दिवसांत बोलला.

म्हणून सांगतो, निघताना एक पिशवी भरा. पत्त्यांचा एक कॅट घ्या. बदाम सात आणि झब्बू लहानथोर सगळ्यांना जमतात. लांब दोरी घ्या, उड्या मारायला आणि रस्सीखेचीला. विजेरी हवीच, तंबूच्या कापडावर हातांच्या सावल्यांचे ससे, हरणं करता येतात. दिवे मालवले की भेंड्या, नाहीतर आकाशात मृगाचे एका ओळीतले तीन तारे शोधायचे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या, आणि मोठ्या माणसाशिवाय पाण्याकडे कुणी जायचं नाही.

शेवटचं एकच. मोठ्यांनी नुसती राखण करत बसू नये. खेळावं, आणि नातवंडांकडून हरावंसुद्धा.