शस्त्रक्रियेपूर्वीचे अहवाल आणि समताभाव

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्यक व्यवसायातला नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. तरीही आजचा विषय मी आग्रहाने मागून घेतला, कारण गणिताच्या शिक्षकालाच आकड्यांची भीती वाटावी, असा प्रसंग माझ्यावर येऊन गेला.

माझ्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले होते. दशलक्षण पर्व निर्विघ्न पार पडावे आणि अनंत चतुर्दशीनंतर शस्त्रक्रिया व्हावी, असा बेत होता. त्याआधीच्या चाचण्यांचे अहवाल हाती आले आणि पाहतो तो हिमोग्लोबिन ९.४, एचबीएवनसी ९.१ आणि ईसीजीवर 'हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' असा शेरा! घरात कोणाला काही न सांगता तो कागद मी स्वाध्यायाच्या ग्रंथाच्या वेष्टनात ठेवून दिला. तीन दिवस तो तिथेच होता. रोज पहाटे णमोकार मंत्राचा जप करीत होतो, बोटे माळेवर फिरत होती. पण मन मणी मोजत नव्हते, ते ९.४ आणि ९.१ हे आकडेच मोजत होते.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यात वेदनेमुळे होणारे सततचे चिंतन हा एक स्वतंत्र प्रकार आहे. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता. आपण जपाच्या आसनावर बसून आर्तध्यानच करीत आहोत, हे मात्र त्या तीन दिवसांत ध्यानात आले नाही. चौथ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी ग्रंथ उघडला आणि कागद बाहेर आला. त्या रागावल्या नाहीत. "अहो, ग्रंथात ठेवलेला कागद डॉक्टरांना कसा दिसणार?" एवढेच म्हणाल्या. माझ्या मते त्या दिवशीचा तोच खरा स्वाध्याय होता.

भूलतज्ज्ञांनी अहवाल शांतपणे पाहिले. ते म्हणाले, "हे आकडे आज कळले ते बरे झाले. टेबलावर कळले असते तर अडचण होती." बंधुभगिनींनो, चाचण्या याचसाठी असतात. अहवाल म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे; वाटेत खड्डा आहे हे आधी सांगणारी ती पाटी आहे.

इथे थोडे गणित सांगतो. कागदावर छापलेली 'सामान्य' मर्यादा बहुतेक चाचण्यांत अशी ठरवितात की निरोगी माणसांपैकीही शंभरात सुमारे पाच जण तिच्या बाहेर जातात. म्हणजे एका वेळी वीस चाचण्या केल्या तर एखाद्या आकड्यापुढे ठळक खूण दिसणे अगदी स्वाभाविक आहे. अनेकान्ताचा वारसा लाभलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. एक अहवाल हा एक नय आहे, संपूर्ण सत्य नव्हे. माझ्या ईसीजीचेच पाहा. पुढे टू-डी एको केला, तेव्हा हृदयाचे कार्य व्यवस्थित असल्याचे निघाले.

मात्र उरलेले दोन आकडे खरेच बिघडलेले होते. एचबीएवनसी मागील दोन-तीन महिन्यांची साखर सांगते. ती ८ च्या वर असली की जखम चिघळण्याचा धोका ध्यानात घेऊन बरेच शल्यचिकित्सक नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ पेक्षा आणि स्त्रियांत १२ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. माझ्या वयात तो आढळला की पोटात कोठे छुपा रक्तस्राव तर नाही ना, हे आधी पाहावे लागते. तेही पाहिले, तसे काही नव्हते. लोह कमी होते आणि जीवनसत्त्व बी-१२ फारच कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. म्हणून आपल्या समाजातील प्रत्येकाने, विशेषतः ज्येष्ठांनी, त्याची तपासणी एकदा तरी करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेजारीपाजारी "बीट खा, रक्त वाढेल" असे सांगू लागले. कंदमूळ वर्ज्य असल्याने माझ्यापुढे धर्मसंकट उभे राहिले. आहारतज्ज्ञांनी ते सहज सोडविले. बीटमध्ये लोह काही फार नसते. हळीव आणि राजगिरा त्याहून सरस आहेत, त्यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणाबरोबर चहा टाळावा, असे त्यांनी सांगितले. अर्थात एवढी तूट केवळ आहाराने भरत नाही. त्यासाठी लोहाची औषधे आणि बी-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागली.

या काळात एका हितचिंतकांनी मला विचारले, "या वयात एवढा खटाटोप कशाला? कर्माचा उदय आहे, समतेने सोसावा." वाक्य ऐकायला गोड होते आणि भ्यालेल्या मनाला ते पटतही होते. पण आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना सांगितली आहे, ती ज्या संकटावर काही प्रतिकारच उरलेला नाही, त्या संकटासाठी. ज्या रोगावर उपाय आहे, त्याच्या बाबतीत हातावर हात ठेवून बसणे म्हणजे समता नव्हे. खुद्द समंतभद्राचार्यांना भस्मक व्याधी जडली, तेव्हा त्यांनी गुरूंकडे समाधिमरणाची अनुज्ञा मागितली आणि गुरूंनी ती नाकारली, अशी कथा आपल्या परंपरेत आहे. आधी रोगमुक्त व्हा, तुमच्या हातून अजून धर्मकार्य व्हायचे आहे, असा गुरूंच्या आज्ञेचा आशय होता. त्यांनी मुनिवेष तात्पुरता बाजूला ठेवला, व्याधी शमल्यावर पुन्हा दीक्षा घेतली आणि पुढे जिनशासनाची अपूर्व सेवा केली. तेथे दीक्षेलाही थांबावे लागले. माझी तर केवळ शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली होती!

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. ही चाचणी पुन्हा करायला हवी का? या आकड्यामुळे शस्त्रक्रियेत नेमका कोणता धोका वाढतो? तो कमी करायला काय करावे आणि त्यास किती दिवस लागतील? आणि तोवर थांबल्याने काही नुकसान आहे का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गुडघा थांबू शकतो. कर्करोगासारख्या व्याधीत थांबणे परवडतेच असे नाही.

आपले व्रत-नियमही डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगावेत. सर्वसाधारणपणे भुलीपूर्वी सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य असते. सूर्यास्तानंतर चतुर्विध आहाराचा त्याग असलेल्या व्यक्तीची दुपारी शस्त्रक्रिया ठरली आणि सकाळीही पाणी घेतले नाही, तर शरीर वीस तास कोरडे राहते. त्याचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो. मी हे सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी माझा क्रम सकाळी पहिला लावला. नुकतेच उपवास झाले असतील तर तेही सांगावे. चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे डॉक्टरच सांगतील.

अकरा आठवड्यांनी पुन्हा अहवाल आले. हिमोग्लोबिन १२.१ आणि एचबीएवनसी ७.४ होते. पूर्ण गुण नव्हते, पण भूलतज्ज्ञांनी उत्तीर्ण केले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भीती गेली होती, असे मी म्हणणार नाही. परंतु या वेळी ती माझ्या एकट्याची नव्हती आणि जे माझ्या हातात होते ते करून झाले होते. त्या रात्री जप केला, तेव्हा मणी मोजले गेले.

आज या सभागृहातही कदाचित कोणाच्या तरी खिशात, कपाटात वा ग्रंथात घडी घातलेला एखादा कागद असेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, घरी जाऊन तो उघडा, आपल्या माणसांना दाखवा आणि उद्या डॉक्टरांकडे न्या. पुरुषार्थ तेथून सुरू होतो आणि खरी समताही पुरुषार्थाच्याच सोबतीने येते.



जय जिनेंद्र!