एचआयव्हीची तपासणी आणि टीबीची पाळत

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. आधी समुपदेशक बोलतात, मग थोडं रक्त घेतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच शिक्का बसत नाही; वेगवेगळ्या किटवरच्या तीन चाचण्या जुळाव्या लागतात. संसर्ग अगदी ताजा असेल तर मात्र चाचणी चकवते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. निदान पक्कं झालं की एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या केंद्रात औषध सुरू. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी.

एचआयव्ही असलेल्यांसाठी खरा दगाबाज क्षयरोग, म्हणजेच टीबी. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर अंगावर काढू नका. टीबी निघाला तर आधी त्याची औषधं सुरू होतात, एआरटी थोड्या दिवसांनी. शंका असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक फिरवा.