दोन डिस्क एकदम बंद पडल्या तर

घरातले दोन दिवे एकाच क्षणी विझले तर आपण काय करतो? नवे दिवे आणायला बाजारात धावत नाही. आधी फ्यूज पाहतो. हा साधा विचार संगणकापुढे बसल्यावर मात्र सुचत नाही. मलाही सुचला नव्हता.

मी मराठी शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतल्या कित्येक जणी आज हयात नाहीत. हा सारा ठेवा विभागातल्या एका लिनक्स संगणकावर, चार डिस्कच्या 'रेड' जोडणीत होता. ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली एका निबंधात मांडली. आमची जोडणी 'रेड पाच' या प्रकारची. तिचे तत्त्व असे समजा: तीन आकडे लिहा आणि चौथ्या जागी त्यांची बेरीज मांडा. चारांपैकी एक पुसला गेला तर उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. दोन पुसले गेले, की हिशेब खुंटला!

आणि एका सकाळी नेमके तेच झाले. जोडणीची स्थिती दाखवणाऱ्या 'एमडीस्टॅट'मध्ये चार 'यू' दिसायला हवेत. तिथे दोन 'यू' आणि दोन रेघा! कोणी म्हणालं, "जोडणी नव्याने तयार करा." माझा हात कळफलकावर गेलाही होता. तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो म्हणाला, "सर, काही लिहू नका. आधी वाचा." त्या एका वाक्याने ओव्या वाचल्या. 'एमडीॲडम'चा 'क्रिएट' हा आदेश जुन्या खुणांवर नव्या खुणा लिहितो. डिस्कचा क्रम चुकला, की पुढचा सगळा मजकूर विस्कटतो.

मग आम्ही वाचायला बसलो. प्रथम 'डीमेसेज', म्हणजे संगणकाची रोजनिशी. दोन्ही डिस्क एकाच सेकंदाला गेल्या होत्या, आणि दोन्ही एकाच कंट्रोलर कार्डाला जोडलेल्या होत्या. दुसरे, 'स्मार्ट'चा अहवाल. डिस्क स्वतः झिजली असेल तर त्यात वाचता न येणाऱ्या आणि बदलून घेतलेल्या जागांचे आकडे वाढतात. 'सीआरसी'चा आकडा वाढत असेल तर बहुधा केबलवर संशय घ्यावा. आमच्या दोन्ही डिस्कवर सगळे आकडे शून्य होते! तिसरे, 'एमडीॲडम'चा 'एक्झामिन' आदेश. तो प्रत्येक डिस्कवरचा 'इव्हेंट'चा क्रमांक दाखवतो. चार क्रमांकांत फरक अगदी थोडा होता. म्हणजे बाहेर पडलेल्या डिस्क फारशा मागे राहिल्या नव्हत्या.

आता निदान उघड होते. आजारी होते ते कार्ड. डिस्क बिचाऱ्या निरोगी! संगणक बंद केला, कार्ड बदलले, आणि 'असेंबल' आदेशाला 'फोर्स'ची जोड देऊन जुनीच जोडणी उभी केली. ती केवळ वाचण्यापुरती उघडून आधी सगळ्या ओव्या दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. फाइलव्यवस्थेची तपासणी त्यानंतर.

हे नेहमीच इतके सुखाने घडते असे नाही, बरं का! डिस्क खरोखर मरत असेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नये. 'डीडीरेस्क्यू'ने तिची नक्कल नव्या डिस्कवर काढावी आणि पुढचे प्रयोग नकलेवर करावेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. चार डिस्क आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली ओवी रेड चारही डिस्कवरून इमानाने पुसून टाकते! आता आमची एक प्रत वेगळ्या इमारतीतल्या कपाटात असते. तुमची कुठे आहे, ते आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.